मोडेमला हुकूम सोडा, फोन काय कुणीही करतं

पेणच्या गणपतीच्या कारखान्यातून रोह्याच्या गिऱ्हाइकाला 'मूर्ती तयार आहे' एवढंच कळवायचंय. मोबाइलवरून हे अर्ध्या मिनिटात होतं, म्हणून त्यात काही राम नाही. तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे, ड्रॉवरच्या तळाशी जुना यूएसबी डोंगल आहे आणि चतुर्थीला अजून अवकाश आहे. चला तर.

१. डोंगल खोचा. एकाच डोंगलचे तीन-चार पोर्ट दिसतील. सरकारी कचेरीच्या खिडक्यांसारखे सगळे उघडे, पण काम होणार एखाद्याच ठिकाणी. लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे मोडेममॅनेजर आधीच मोडेमशी गप्पा मारत बसलेला असतो. आधी त्याला उठवा.

२. 'एटी' टाइप करून एंटर दाबा. १९८१ साली अमेरिकेतल्या हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने रूढ केलेली ही बोली आजचे मोडेमही बोलतात. दोन्ही अक्षरं मोठी चालतात, दोन्ही लहान चालतात. एक मोठं, एक लहान केलंत तर मोडेम ओळख दाखवणार नाही. 'ओके' आलं की चहा मागवा. नाही आलं तरी मागवा, वेळ लागणार आहे.

३. सिमने पिन मागितला तर बिनधास्त ठोकून द्या. तीन चुकांनंतर तो पीयूके मागेल, त्याच्या दहा चुकांनंतर सिम कायमचं बाद. म्हणजे एकूण तेरा संधी! एवढ्या कोण देतं हल्ली?

४. 'एटी+सीएसक्यू' विचारून रेंज पाहा. गुण ० ते ३१ असतात. ९९ पडले तर पेढे वाटू नका. 'मला काही कळत नाही' हे मोडेम असं सांगतो.

५. आता 'एटी+सीरेग?'. उत्तर '०,१' हवं. जुन्या ३जी डोंगलमध्ये निव्वळ ४जीवाल्या कंपनीचं सिम घातलं असेल तर '०,२' येईल, म्हणजे 'शोधतोय'. शोधू द्या. सापडणार नाही, पण त्याची उमेद कशाला मोडा?

६. इथे खरी मजा. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. एकट्या 'श्री'चे चार होतात. '॥ श्री गणेशाय नमः ॥' लिहिलंत की ७० पैकी १९ संपले, मूर्तीचं नावही नाही. तरी लिहाच, गणपतीचा व्यवहार आहे.

मोडेमला देवनागरी वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक खुणेचा चार आकड्या-अक्षरांचा कोड द्या: 'हो' म्हणजे '०९३९०९४बी'. बऱ्याच मोडेमना गिऱ्हाइकाचा नंबरसुद्धा याच थाटात लागतो. दहा आकडी नंबर चाळीस आकडी होतो. शांतपणे लिहा. मध्येच पेणहून सुटलेली गाडी कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला पोहोचेल. तिकडे लक्ष देऊ नका.

७. '>' अशी खूण येईल. मजकूर लिहा, पण एंटर दाबू नका. नवशिके दाबतात, पुन्हा दाबतात, मग जोरात दाबतात. मोडेमला वाटतं, पुढची ओळ येतेय. तो वाट पाहतो, तुम्हीही पाहता. सुटका कंट्रोल आणि झेड एकत्र दाबल्यावरच. चुकून एस्केप दाबलंत तर सगळं रद्द, सूचना ६ पुन्हा.

८. 'ओके' आलं? अभिनंदन. मेसेज कंपनीच्या केंद्राने ठेवून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. रोह्याला पोहोचला का, हे मोडेमला तुम्ही विचारलेलं नाही आणि तो आपणहून सांगणारा नव्हे.

९. उत्तर आलं की 'एटी+सीएमजीआर'ने उघडा. '०९१५०९४बी०९२३००३एफ' दिसेल. घाबरू नका, चार-चारचे तुकडे पाडा आणि तक्त्यात शोधा. पहिला 'क', मग ओकार, मग 'ण', शेवटी प्रश्नचिन्ह.

१०. डोंगलचा नंबर गिऱ्हाइकाकडे सेव्ह नाही. सूचना ६ पासून पुन्हा सुरू करा, या खेपेस आधी कारखान्याचं नाव लिहा.