पडदा नव्हता तेव्हा

छत्रपती संभाजीनगरातल्या गुलमंडीच्या वाड्यांतून सिडकोत गेलेली मंडळी ‘मोबाइल नव्हता तेव्हा घराला घरपण होतं’ असे संदेश मोबाइलवरूनच पाठवतात. पुरावा म्हणून १९८७ चं ‘रामायण’: रविवारी सकाळी अख्खा वाडा एका खोलीत! अहो, पण सगळ्यांची तोंडं टीव्हीकडेच होती ना? मध्ये बोलणाऱ्याला दटावलं जायचं. संवाद काय तो गच्चीवर अँटेना फिरवणाऱ्याशी: ‘आलं का?’ ‘नुसत्या मुंग्या!’ शिवाय ज्या शहराच्या पैठण रोडवर, चितेगावात, व्हिडिओकॉनचे टीव्ही बनत, त्यानंच पडद्याला नावं ठेवायची? आजोबा तेव्हाही कुरकुरायचेच: ‘रेडिओ होता तेव्हा माणसं ऐकता ऐकता निदान चार कामं तरी करायची.’