उन्हाच्या बाजूची खोली

आमच्या वर्ध्यात मे महिन्यात ऊन फुकट मिळतं. नको असलं तरी मिळतं, घरपोच मिळतं आणि भिंतींनी दिवसभर साठवलेलं रात्री अकरापर्यंत पुन्हा मिळतं. पारा ४५ च्या पुढे सरकला की दुपारी बजाज चौकात कुत्रंसुद्धा आडोसा सोडत नाही. अशा गावच्या कुटुंबानं सुट्टीला कुठं जावं? महाबळेश्वर, उटी, गेलाबाजार चिखलदरा. आमच्या घरात ठराव आला तो ‘उन्हात न्हालेल्या, शांत ज्वालामुखी बेटा’चा. म्हणजे पैसे भरून ऊन, आणि त्यात खालून ज्वालामुखी.

ठराव लेकीचा. ती पुण्यात नोकरी करते आणि तिथून आमची काळजी करते. तिचं म्हणणं असं की आम्ही सुट्टीत जास्त दमतो. ते खोटं नाही. आमच्या सुट्ट्या म्हणजे एकतर कुणाचं तरी लग्न, नाहीतर देव. आणि दोन्हीकडे पहाटे चारला उठावं लागतं. नुसतं बसायला कुठं जायचं, ही कल्पना आमच्या खानदानात कुणाला सुचलेली नाही. बसायचं तर घरी काय वाईट आहे? कूलरच्या ताट्या नव्या बसवल्या आहेत.

तरी लेकीनं व्हॉट्सॲपवर ‘निवांत’ नावाचा ग्रुप काढला, आणि त्या दिवसापासून घरातला निवांतपणा गेला.

पहिली सूचना पोराची. ज्वालामुखीच बघायचा तर स्वदेशी बघू, म्हणाला. अंदमानच्या समुद्रात बॅरन बेट आहे, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमपासून, सव्वाशेहून जास्त किलोमीटर. शांतता म्हणाल तर तिथं माणूसच राहत नाही. पण मग बेटावर उतरूही देत नाहीत. बोटीतून बघायचं आणि मागं फिरायचं. बायकोनं विचारलं, “इतके पैसे घालून लांबून धूर बघायचा? शेतात पऱ्हाट्या पेटवतात तेव्हा बघ की.” बॅरन बेट तिथंच बुडालं.

मग मॉरिशस आलं. व्हिसा आधी काढावा लागत नाही, हा बायकोचा मुद्दा. तिथं मराठी माणसं आहेत, हा माझा. १८३४ पासून उसाच्या मळ्यांसाठी करारावर जे मजूर तिकडे नेले, त्यांत आपल्या मुलखातलीही माणसं होती. त्यांचे वंशज आता घरात क्रिओल बोलतात, पण गणपती बसवायचे थांबले नाहीत. गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. हे मी जरा भारावून सांगितलं. पोरगं म्हणालं, “बाबा, मराठी माणसंच बघायची तर ताईकडे पुण्याला जाऊ. तिथंही थोडी उरली आहेत.”

इथपर्यंत गाडी रुळावर होती. मग मोठेबाबा आले.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आर्वीकडच्या शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. ते नोकरीतून निवृत्त झाले, भूगोलातून नाही. समजावून सांगताना ते पुस्तकी मराठी बोलतात आणि चिडले की वऱ्हाडीत उतरतात, त्यामुळे त्यांच्या मनःस्थितीचा अंदाज ऐकणाऱ्याला पहिल्याच वाक्यात येतो.

“मॉरिशसचं क्षेत्रफळ सांग.”

मी मोबाइल काढला. “२,०४० चौरस किलोमीटर.”

“आणि वर्धा जिल्ह्याचं?”

“६,३०० च्या आसपास.”

“लोकसंख्या?”

“त्यांची साडेबारा लाखांच्या घरात. आपली २०११ च्या जनगणनेत १३ लाख.”

“म्हंजे आपल्याएवढीच माणसं आपल्या तिसऱ्या हिश्श्यात कोंबली हायेत. अन् तू शांततेसाठी तिकडं जाऊन राह्यला? अरे, त्याहीनं इकडं याले पाहिजे!”

वऱ्हाडी सुरू झाली होती, तेव्हा मी गप्प बसलो. ॲटलास उघडला गेला. वर्धा विषुववृत्ताच्या वर पावणेएकवीस अंशांवर. मॉरिशस विषुववृत्ताच्या खाली वीस अंशांच्या जरा पुढे. जेवढे आपण वर, जवळजवळ तेवढेच ते खाली. म्हणून आपला मे म्हणजे त्यांच्या हिवाळ्याचं तोंड. दिवस लहान, संध्याकाळी सहाच्या आतच सूर्य बुडणार. “म्हणजे तुझ्या लेकीनं ज्या उन्हाचे पैसे भरायला सांगितलेत, ते त्या महिन्यात अर्धवेळच असतं,” असा निकाल देऊन त्यांनी चष्मा पुसला. बायकोनं लगेच यादीत स्वेटर लिहिला. बाहेर पारा ४५ होता.

पण मोठेबाबांचा खरा हुकमी पत्ता पुढेच होता.

“तुझ्या घराखाली काय आहे?”

“हप्ते,” मी म्हणालो.

“हप्त्यांच्या खाली?”

हप्त्यांच्या खाली काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याच्याखाली काळा पाषाण. बोअर मारताना मशीनवाल्यानं फुटामागे भाव वाढवला होता, त्यामुळे हा थर मला पावतीसकट माहीत आहे. मोठेबाबा म्हणाले, हाच तो लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भारताचा हा भाग आज रियुनियन बेट आहे त्या बाजूला होता. तिथं पृथ्वीच्या पोटात एक तप्त ठिकाण आहे. त्यातून लाव्ह्याचे थरांवर थर आले आणि दख्खनचं पठार झालं. इतकी झीज होऊनही आज ते पाच लाख चौरस किलोमीटर आहे. ते ठिकाण जागेवरच राहिलं, भारत उत्तरेकडे सरकत गेला. शिलाई मशीनची सुई जागच्या जागी आणि कापड पुढे, असं ते. मागे टाके पडत गेले: लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी मॉरिशस, आणि अगदी ताजा टाका म्हणजे रियुनियन, जिथला ज्वालामुखी अजून थंड व्हायला तयार नाही.

“म्हणजे मॉरिशसला जाऊन तू बघणार काय? आपल्याच दगडाचा धाकटा भाऊ,” मोठेबाबा म्हणाले.

“भेटायला नको का मग?” मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली. या घरात नात्यागोत्याचा मुद्दा निघाला की शेवटचा शब्द तिचा असतो.

मोठेबाबांनी हार मानली नाही. उठून कपाटाच्या खणातून त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी आणली. आत गिरडचे दगड होते. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा आहे. तिथं जमिनीत गोल गोल दगड सापडतात. गोष्ट अशी सांगतात की माल घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्यांनी बाबांची थट्टा केली, आणि त्यांचे नारळ नि बाकीचा सगळा माल दगड होऊन बसला. मोठेबाबांच्या पुडीतला एक दगड अगदी सुपारीएवढा. वरून मातकट, खरखरीत. एका बाजूला टवका उडालेला आणि त्या टवक्यात पांढरे बारीक स्फटिक, खिडकीकडे धरला की चमकणारे. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, मग त्या पोकळ्यांत शेकडो शतकं पाणी झिरपून झिओलाइट नावाची खनिजं साचतात, हे मास्तरांचं स्पष्टीकरण. दोन्ही गोष्टी मला पटल्या. भूगोलाची पटली कारण पुरावा हातात होता, आणि व्यापाऱ्यांची पटली कारण त्याच सकाळी मी ट्रॅव्हल एजंटला आगाऊ रक्कम पाठवली होती.

एजंट भला माणूस होता. प्रत्येक वाक्य तो ‘सर, डोन्ट वरी’नं संपवायचा, आणि त्यामुळे काळजी वाढायची. खोल्यांचे दोन भाव त्यानं सांगितले. उन्हाच्या बाजूची खोली महाग, सावलीची स्वस्त. मला वाटलं, चुकून उलटं बोलला. आमच्या गावात पश्चिमेच्या खिडकीवरून फ्लॅटचे सौदे मोडतात. मालक घर दाखवायला मुद्दाम सकाळी बोलावतो. बायको म्हणाली, “सावलीची घ्या. वाचलेल्या पैशात ऊन लागलंच तर बाहेर जाऊन बसू.” व्यवहार हा असा असतो. लेकीला मात्र तो कळला नाही. तिनं ग्रुपवर कपाळाला हात लावलेली बाई टाकली.

तिनं वेळापत्रकही पाठवलं होतं. त्यात रोज सकाळी ९ ते दुपारी १ या रकान्यात ‘काहीही नाही’ असं लिहिलेलं. चार तास काहीही नाही! हा रिकामा रकाना आमच्या घरात कुणालाच बघवला नाही. पोरानं त्यात समुद्रातली डुबकी बसवली. बायकोनं गंगा तलाव घातला. तिथं शंकराचं देऊळ आहे, आणि तो तलावही ज्वालामुखीच्याच खळग्यात आहे, तेव्हा एका दगडात दोन्ही कामं. मी शामरेलची सात रंगांची माती लिहिली. त्यावर मोठेबाबा म्हणाले, ती बेसाल्ट कुजून झालेली माती आहे, रंग लोह नि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे. आणि माती बघायला विमानानं जाणारा शेतकऱ्याचा नातू त्यांनी प्रथमच पाहिला. मग त्यांनी स्वतःच क्यूरपीप गावातलं ‘ट्रू ऑ सेर्फ’ हे विझलेलं ज्वालामुखीचं तोंड यादीत घातलं. ते गाव त्या बेटावर पावसासाठी प्रसिद्ध आहे, म्हणून छत्र्याही यादीत आल्या. शेवटी रकान्यात उरलं ते एवढंच: ‘१२.४० ते १.००, निवांत (वेळ उरल्यास).’

मला स्वतःला तिथं एक वेगळीच गोष्ट बघायची होती, ती मी यादीत घातली नाही. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत मधेच काळ्या दगडांचे मोठे ढीग दिसतात. मजुरांनी लागवडीसाठी जमीन मोकळी करताना हातांनी वेचून रचलेले. आमच्या आजोबांच्या बरड शेताच्या धुऱ्यावरही असेच काळे दगड रचलेले आहेत. तेच दगड, तेच काम; फरक एवढाच की आजोबा संध्याकाळी घरी यायचे.

खरं तर निवांत मॉरिशस एकाच माणसाला जमलं, आणि तो पुढे आमच्याच जिल्ह्यात येऊन राहिला. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेतून परतताना गांधीजींचं जहाज पोर्ट लुईला बरेच दिवस थांबलं, म्हणून ते उतरले. वेळापत्रक नाही, एजंट नाही. एक रात्र तर गव्हर्नर सर चार्ल्स ब्रूस यांच्याकडेच मुक्काम. मॉरिशसनं पुढे १९६८ साली स्वातंत्र्यासाठी १२ मार्च हा दिवस धरला, तो दांडीयात्रेचा म्हणून. त्याच यात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्याशिवाय साबरमतीला परतायचं नाही असं ठरवलं, आणि जमनालालजींच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले. १९३६ पासून सेवाग्रामला. एवढं जग पाहिलेला माणूस राहायला सेवाग्राम निवडतो, तेही उन्हाळ्यासकट, हा मोठेबाबांचा शेवटचा युक्तिवाद होता. “ते डोक्यावर ओला फडका ठेवून बसत,” बायको म्हणाली, “आणि त्यांना नळाच्या पाण्याची वाट बघावी लागत नव्हती.”

शांततेचाही प्रश्न राहिलाच होता. पोरानं कुठून तरी शोधून काढलं की मॉरिशसच्या नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीही असते, आणि १९९८ साली नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या आधी छापली म्हणून इतका गदारोळ झाला की नोटा परत घ्याव्या लागल्या. हे ऐकून मला त्या देशाबद्दल प्रथमच आपलेपणा वाटला. लेक मात्र खचली. तिनं रॉड्रिग्ज सुचवलं: त्याच देशाचं आणखी छोटं बेट, तेही ज्वालामुखीचं, जेमतेम ११० चौरस किलोमीटर, खरोखर शांत. पण तिथं जायला आणखी एक विमान. विदर्भ एक्स्प्रेस, मग मुंबई, मग मॉरिशस, मग रॉड्रिग्ज. पोचेपर्यंत सुट्टी संपायची.

या सगळ्यात मोठीआईला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं परवा आपणहून सांगितलं की ती येणार नाही. मे महिना म्हणजे कुरोड्यांचा महिना. मुंगवड्या, खारोड्या, पापड, सगळं पडलंय. वर्षाचं वाळवण सोडून समुद्राकाठी कोण बसतं? ग्रुपवर तासभर सामसूम. मग लेकीनं पुण्याहून फोन करून तिला अर्धा तास समजावलं. काय समजावलं ते कळलं नाही, पण फोन ठेवून मोठीआई माझ्याकडे आली.

“तिथं ऊन पक्कं हाये ना?”

“आहे.”

“अन् पाऊस?”

“किनाऱ्याकडे त्या दिवसांत कमी असतो.”

“धूळ?”

“समुद्रावर कुठली धूळ?”

तिनं थोडा विचार केला. इथं गच्चीवर वाळवण टाकलं की दुपारच्या वावटळीत अर्धा चुरा मातीचा होतो, हे तिचं जुनं दुखणं.

“मग सोऱ्या मी हातातल्या पिशवीत घेते. गहू इथूनच भिजवून नेऊ, चीक तिथं काढता येईन. अन् ते सावलीची खोली घेऊन राह्यले ना तुमी, ते बदला.”

मी एजंटला फोन लावला. उन्हाच्या बाजूचीच खोली द्या म्हटलं. समुद्र दिसला नाही तरी चालेल, पण बाल्कनीत चार धोतरं अंथरता आली पाहिजेत.

“सर, डोन्ट वरी,” तो म्हणाला. “किती जण येणार, धोतरं धरून?”