हुकूमनामाधारी

हुकूमनामाधारी तालुक्याच्या दिवाणी न्यायालयाच्या आवारात, बहुधा टायपिंगवाल्याच्या टेबलापाशी आढळतो. त्याच्या आजोबांनी कधीकाळी बांधाचा दावा जिंकलेला असतो आणि चुलत घराण्यातल्या कुणीतरी त्याच बांधावरून आता नवा दावा लावलेला असतो. बगलेतल्या पिशवीत सातबारा, फेरफार आणि प्लास्टिकच्या कव्हरात जुना निवाडा. वकिलाला दाखवतानाही कव्हराचे एक टोक तो सोडत नाही.

"साहेब, ही केस आम्ही जिंकलेली आहे" एवढेच त्याचे म्हणणे. कायदा तत्त्वतः त्याच्याच बाजूचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 च्या कलम 11 प्रमाणे त्याच पक्षकारांत किंवा त्यांच्या वारसांत तोच मुद्दा सक्षम न्यायालयात लढवला जाऊन कायमचा ठरला असेल, तर तो पुन्हा चालवता येत नाही. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेतही प्रतिवादीच्या चार उत्तरांपैकी एक प्राङ्न्याय आहे आणि तो शाबीत करायचा प्रतिवादीनेच : जयपत्र दाखवून, नाहीतर पूर्वीचा निवाडा पाहिलेली माणसे आणून. हुकूमनामाधारीचा ओढा या दुसऱ्या वाटेकडे. "गावात कुणालाही विचारा की!"

वकील मात्र गावाला विचारत नाहीत, त्यालाच विचारतात, "त्या दाव्यात मागणी काय होती?" इथे गाडी अडते. आजोबा जिंकले हे पक्के; काय जिंकले हे घरात कुणी विचारलेलेच नसते. निवाड्याचे शेवटचे पान त्याला तोंडपाठ असते, कारण 'दावा खर्चासह नामंजूर' हे शब्द तिथे आहेत. न्यायालयाला हवी असतात आधीची पाने : वादपत्र, कैफियत, काढलेले मुद्दे, निवाडा आणि हुकूमनामा, सगळ्यांच्या प्रमाणित नकला. तेव्हा भांडण मालकीचे होते की नुसत्या वहिवाटीचे, हे त्यावरूनच कळते. म्हणूनच असा आक्षेप वादपत्र फेटाळण्याच्या अर्जावर सहसा ठरवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितले. पहिल्याच तारखेला दावा उडवण्याचा बेत तिथेच बारगळतो.

पुष्कळदा कव्हरातला कागद निवाडा नसतोच. तो निशाणी पाचवरचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरचा हुकूम निघतो. त्याने मूळ वाद संपत नाही. कधी दावा वादीच्या गैरहजेरीमुळे निकाली निघालेला असतो; नवा दावा लावायला तेवढ्यानेही अडचण येऊ शकते, पण ती निराळ्या नियमाने. निकालावर अपील झाले होते का, या प्रश्नावर तो खिडकीबाहेर बघतो.

सगळे जुळले तरी जमीन जुळत नाही. निवाड्यात सर्व्हे नंबर, आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर! मधल्या काळात 1947 च्या कायद्याखाली एकत्रीकरण योजना गावातून गेलेली असते. तोच तुकडा आज कोणत्या गटात बसला, हे दाखवायला जुळणीचा उतारा काढावा लागतो. अभिलेख कक्षात वादपत्र मुदत संपल्याने नष्ट झालेले असेल तर निवाड्यात उद्धृत केलेल्या कथनांवर भिस्त ठेवावी लागते. जुने निवाडे लांबलचक असत, हे त्याचे नशीब.

वाद पूर्वीच निकाली निघाल्याची ही हरकत कैफियतीत स्पष्ट घ्यावी लागते. ती वेळेवर घेतली नाही तर सोडून दिली असे धरले जाऊ शकते. मग मुद्दा निघतो, नकलांना निशाणी क्रमांक पडतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 34 खाली जुना निवाडा पुराव्यात येतो आणि हुकूमनामाधारी पिंजऱ्यात उभा राहतो. उलटतपासात तो प्रत्येक प्रश्नाला आजोबांचा स्वभाव सांगतो. तरीही कागद धड असतील तर दावा बाद होतो. त्या दिवशी तो दोन प्रमाणित नकलांसाठी अर्ज टाकतो : एक स्वतःला, एक नातवाला.