व्हीसीवाले गुरुजी

शंभर माणसांच्या व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, न घाबरणारे आमच्या सिहोऱ्यात एकच गुरुजी. बाकीच्या आम्हा सगळ्यांचं म्हणजे, चौकोनात स्वतःचा चेहरा दिसला की आधी केस सारखे करायचे, मग आपला आवाज पोचत नसेल या शंकेनं ओरडायचं आणि शेवटी घाईघाईत भलतंच बटण दाबून गायब व्हायचं. गुरुजी गायब होत नाहीत. इतर गायब झाले की ते त्यांना शोधून आणतात.

2020 पर्यंत व्हीसी ही साहेबलोकांची गोष्ट होती. कलेक्टर ऑफिसात त्यासाठी वेगळी खोली. काम घेऊन गेलेल्या माणसाला शिपाई सांगायचा, "साहेब व्हीसीत आहेत." याचा अर्थ, चहा पिऊन या, जमल्यास उद्याच या. मग मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा आली आणि व्हीसी तुमसर तालुक्यात घराघरांच्या सपरीत येऊन बसली. शिक्षण परिषद ऑनलाइन, प्रशिक्षण ऑनलाइन, सेवानिवृत्तांचा निरोप समारंभही ऑनलाइन. कोणीतरी होस्ट व्हायला हवं होतं. आमच्या शाळांच्या केंद्रातल्या सगळ्यांनी फोन उचलणं बंद केलं. गुरुजींनी पहिल्याच रिंगला उचलला.

त्यांना कॉम्प्युटरचं फार कळतं असा एक गैरसमज आहे. तसं काही नाही. एक्सेलमध्ये बेरीज करायला ते अजूनही शेजारी कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. त्यांची तयारी झालीय ती मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक. मिसरूड फुटल्यापासून गुरुजी त्या मंचाच्या माईकवर आहेत. नाटक पहाटेपर्यंत चालायचं. मध्येच लाइट जाणार, खलनायकाची मोटारसायकल वाटेत पंक्चर होणार, कोणाचं तरी लेकरू हरवणार. अशा वेळी पब्लिकला बसवून ठेवायचं काम गुरुजींचं. ज्याने हे केलंय त्याला झूमचं काय भ्या?

झूमचं फुकटचं खातं चाळीस मिनिटांनी मीटिंग बंद करतं. इतर होस्ट पस्तिसाव्या मिनिटापासून घामाघूम होतात, पाहुण्यांना चिठ्ठ्या पाठवतात. गुरुजी अडतिसाव्या मिनिटाला शांतपणे सांगतात, "पहिला अंक संपत आला जी. चहा घ्या, पानी प्या, अन् त्याच लिंकवर परत या." माणसं खरंच परत येतात. दुसऱ्या अंकाला थोडी जास्तच येतात, कारण तोवर लिंक पुढच्या गटात गेलेली असते.

व्हीसी अकराची असली तर गुरुजी साडेनऊपासून मांडामांड करतात. टेबलावर जुने हजेरीपट, त्यावर लॅपटॉप. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत यावा म्हणून नेमके तेवढेच हजेरीपट. उजेड समोरून, पाठ भिंतीला. बाजूला दोन फोन, दोन वेगळ्या कंपन्यांचे. सीमेचा मुलूख आमचा. बपेऱ्याकडे जरा सरकलं की फोन मध्य प्रदेशचा टॉवर धरतो. एका फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप. दुसऱ्या फोनवरून गुरुजी स्वतःच्याच मीटिंगला साधा सभासद म्हणून हजर. त्यांचं म्हणणं, "आपली मीटिंग दुसऱ्याले कशी दिसते, हे आपल्याले दिसलं पायजे." याशिवाय एका तरुण मॅडमना राखीव म्हणून तयार ठेवतात. गुरुजींची लाइट गेली तरी मीटिंग चालू राहावी हा हेतू. ती गेल्यावर मॅडमना फक्त एकच वाक्य बोलायची परवानगी आहे: "गुरुजी येऊन राहिले."

मीटिंग उघडली की खरे गुरुजी दिसतात. "आवाज येऊन राहिला ना जी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरं वाक्य, "ज्यांना आवाज येत नाही त्यांनी चॅटमध्ये लिहा." ज्याला आवाजच येत नाही त्याला हे कसं कळायचं, असं मी एकदा विचारलं. गुरुजी म्हणाले, "त्याचा शेजारी सांगंल ना बाप्पा." त्यांच्या हिशेबात शंभर माणसं शंभर घरी बसलेली नसतातच; एकाच मांडवात, सतरंजीवर, मांडीला मांडी लावून बसलेली असतात.

म्हणून ते प्रत्येकाला नावानं घेतात. आता सभासदांच्या यादीत नावं असतात 'रेडमी नोट', 'विवो', 'आराध्या मम्मी'. झूमवर होस्टला ही नावं बदलता येतात, हे कळलं त्या दिवशी गुरुजींच्या आनंदाला पारावार राहिला नाही. "रेडमी नोट सर, आपन कोन गावचे?" असं विचारून ते तिथल्या तिथं गाव आणि नाव लिहून टाकतात. कॅमेरा बंद असला तरी त्यांचं अडत नाही. मागं कोंबडा आरवला की अमुक सर, कुकरची शिट्टी झाली की तमुक मॅडम, आणि नुसता पंखा फिरताना दिसला तर फोन खाटेवर ठेवून मास्तर धानाची रोवणी पाहायला बांधीत गेले, हे ते छातीठोक ओळखतात. "सर, पऱ्हे पुरले का?" असं ते त्या पंख्याला विचारतात. पाच मिनिटांनी उत्तर येतं.

'माईक बंद, कान चालू' हे त्यांचं घोषवाक्य. पाहुण्यांच्या भाषणात "आज पुन्हा वांगेच का?" असा कोणाच्या तरी घरचा आवाज घुसला की सगळ्यांचे माईक ते एका बटणात बंद करतात. भाषण देणाऱ्या पाहुण्यांचाही होतो. होस्टला माईक बंद करता येतो. उघडायची मात्र विनंतीच करावी लागते, बटण ज्याचं त्यानंच दाबायचं. तेवढ्या वेळात एक थोर पाहुणे राष्ट्रउभारणीवर सहा-सात मिनिटं निःशब्द बोलले. गुरुजींनी शेवटी "अत्यंत मौलिक विचार" म्हणून त्यांचे आभार मानले.

उपचारांत तडजोड नाही. स्क्रीनवर सावित्रीबाईंचा फोटो, दिव्याचा व्हिडिओ, आणि पाहुण्यांचं शब्दसुमनांनी स्वागत. हार-तुऱ्यांचा खर्च वाचला तरी शब्दसुमनं वाढली. तोवर गुरुजींची भाषा पुस्तकी असते; 'उपस्थित मान्यवर', 'विचारपीठ' वगैरे. नेट अडखळलं की लगेच झाडीबोली सुरू होते, आणि खरं सांगू, मीटिंगही तेव्हाच सुरू होते. पुढं अहवालासाठी फोटो. एका पानावर डोकी पंचवीस, म्हणून चार फोटो, आणि चारही वेळा "हसा जी, वरून मागितलंय." शेवटी हजेरीच्या फॉर्मची लिंक. ती शेवटच्या पाच मिनिटांतच द्यायची, नाहीतर मांडव रिकामा होतो, हे त्यांचं गुपित. पण गुपित बाहेर फुटतंच. एकदा मीटिंगला साठ माणसं असताना फॉर्म नव्वद जणांनी भरला. गुरुजी रागावले नाहीत. "एवढ्यांनी आठवन ठेवली," म्हणाले.

इंग्लंडात चेशायरमध्ये हँडफर्थ नावाचं गाव आहे. तिथल्या पॅरिश कौन्सिलची, म्हणजे त्यांच्या ग्रामपंचायतीचीच म्हणा, डिसेंबर 2020 मधली झूम बैठक पुढं फेब्रुवारी 2021 मध्ये जगभर गाजली. सदस्य एकमेकांवर ओरडताहेत आणि जॅकी वीव्हर नावाच्या बाईंनी शांतपणे अध्यक्षांनाच मीटिंगबाहेर काढलं. मी तो व्हिडिओ गुरुजींना दाखवला. ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला समजायला भाषेची अडचण आली नाही. दोनदा पाहून ते म्हणाले, "बाईनं बरोबर केलं. पन काढायच्या आधी एकदा 'जी' म्हनायला पायजे होतं."

त्यांनी आजवर कोणाला काढलेलं नाही. उलट कोणी आत येईना की त्यांना चैन पडत नाही. निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी सेवानिवृत्त होणाऱ्या एका सरांना जमतच नव्हतं. फोन नातवाचा आणि नातू गावाला. गुरुजी गाडी काढून चांदपूरच्या वाटेनं त्यांच्या गावी गेले, ओसरीत बसून रंगीत तालीम घेतली, माईक उघडा-बंद करायला लावला आणि जेवून परत आले. दुसऱ्या दिवशी सर वेळेवर दिसले, बोलले, रडलेही. गुरुजींनी त्या वेळी सगळ्यांचे माईक उघडायची विनंती पाठवली, म्हणून इतरांचंही रडणं ऐकू आलं.

शाळा उघडल्या, बैठका पुन्हा हॉलमध्ये भरू लागल्या, तेव्हा गुरुजींची पंचाईत झाली. मागच्या बाकावर कुजबुज चालू होती. त्यांनी सवयीनं "माईक बंद, कान चालू" म्हटलं. कोणी बंद केलं नाही. ते थोडा वेळ हातातल्या मोबाईलकडे पाहत राहिले. घरीही बरं नाही. भाजीला मीठ जास्त झालं तरी ते हात वर करून थांबतात. काकू म्हणतात, "बोला जी, तुमचा नंबर आला."

तुमच्याकडे मोठी व्हीसी असेल तर गुरुजींना जरूर बोलवा. मानधन घेत नाहीत, लिंक हरवू देत नाहीत, पाहुण्यांना एकटं पडू देत नाहीत. फक्त आभारप्रदर्शन दुसऱ्या कोणाकडे द्या. ते गुरुजींकडे गेलं तर तिसरा अंक लागतो.