साभार परत

‘पाकीझा’ 1972 साली पडद्यावर आला, तेव्हा त्याचे संगीतकार गुलाम मोहम्मद यांना जाऊन चार वर्षं झाली होती. गाणी मात्र गल्लोगल्ली वाजत होती. 1973च्या फिल्मफेअर पुरस्कारांमध्ये संगीताची बाहुली गेली शंकर-जयकिशन यांना, ‘बेइमान’साठी. जयकिशनही तोवर हयात नव्हते. म्हणजे गेलेल्या माणसाला बक्षीस देत नाहीत, ही सबबसुद्धा परीक्षकांना उरली नाही. ‘बेइमान’ने सर्वोत्कृष्ट चित्रपटासकट सात बाहुल्या नेल्या. ‘पाकीझा’च्या पदरात कलादिग्दर्शनाची तेवढी एक. कोठ्याचे खांब, झुंबरं सगळं परीक्षकांना दिसलं. त्या कोठ्यात कुणी गात होतं, हे बहुधा ऐकू आलं नसावं.

मग वर्षानुवर्षं पडद्यावर खलनायकी केलेल्या प्राण यांनी पंचाईत केली. ‘बेइमान’साठीच मिळालेलं सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस त्यांनी चक्क नाकारलं. कारण? संगीताच्या बाहुलीवर हक्क गुलाम मोहम्मद यांचा होता. आपल्याच चित्रपटाविरुद्ध साक्ष द्यायला खलनायकच लागला, सज्जनांना बहुधा वेळ नव्हता.

वाचकहो, आता ‘बेइमान’ची दोन गाणी आठवून सांगा बघू. मोबाइल खाली ठेवून.