बँडच्या खोलीची किल्ली

माननीय सचिव महोदय,


पत्र उघडं लिहिते आहे, याबद्दल आधीच क्षमा मागते. याआधीची चार पत्रं बंद पाकिटातून आपल्या कार्यालयात पोचली आहेत आणि चारही पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. शिक्षणसंस्थेच्या व्यापातून आपल्याला वाचायला सवड झाली नसेल. म्हणून हे पाचवं सगळ्यांसमोर. आपल्याला वेळ मिळाला नाही, तर वाचलेलं कुणीतरी आपल्या कानावर घालेल.

पहिले आभार बँडबद्दलच. अकरा वर्षांपूर्वी आपण मला बोलावून विचारलंत, "बाई, तुम्हाला पेटी वाजवता येते ना?" मी हो म्हटलं. मी विज्ञानाची शिक्षिका. त्या एका "हो"वर आपण सहा साइड ड्रम, एक बेस ड्रम, झांजांच्या दोन जोड्या, चार बिगुलं आणि एका खोलीची किल्ली माझ्या हवाली केलीत. माझ्या नोकरीत मला मिळालेली ती सगळ्यात मोठी वस्तू आहे.

बिगुलाला ना खुंट्या, ना भोकं. सगळे सूर ओठांनी काढायचे, तेही पाच-सहाच. सोलापूरच्या विडी घरकुल वसाहतीतल्या एका मुलाला पहिला स्वच्छ सूर काढायला तीन आठवडे लागले. तो निघाला तेव्हा त्यानं बिगूल खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिला. शहराच्या पूर्व भागातल्या माझ्या मुली घरी तेलुगू बोलतात, झांजांवरचा मुलगा कन्नड बोलतो, बेस ड्रमवाला उर्दू. ताल मोजताना जो तो आपापल्या भाषेत पुटपुटतो आणि पाऊल सगळ्यांचं एकदम पडतं. हे मला दर आठवड्याला बघायला मिळालं ते आपल्यामुळे. ते ऋण मी नाकारणार नाही.

दुसरे आभार कामाचे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ लिहिले आहेत, तयारीच्या वेळेसह. किमान लिहिले, कमाल कुणीच लिहिले नाहीत. ती मोकळी जागा आपण भरून काढलीत. सकाळी पावणेसातला सराव, मग माझे तास, मधल्या सुट्टीत तुटलेल्या काठ्या आणि सुटलेले पट्टे, शाळा सुटल्यावर पुन्हा सराव आणि रविवारी गणवेशांची मोजदाद. गेल्या डिसेंबरात मी एक आठवडा वहीत लिहून काढला. ६१ तास झाले. ती वही दुसऱ्या पत्राला जोडली होती.

गेल्या वर्षी बँड ३१ वेळा वाजला. त्यांतल्या चार दिवसांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती आणि नसेल: १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे आणि १२ जानेवारी. १९३१ साली १२ जानेवारीलाच सोलापूरचे हुतात्मे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्या सकाळी त्यांच्या पुतळ्यांसमोर आमचं बिगूल वाजतं. थंडीनं मुलांचे ओठ फुटलेले असतात, तरी सूर चुकू नये म्हणून ती आदल्या रात्री ओठांना तूप लावून निजतात. कुणी सांगितलेलं नसतं. सोलापूरच्या शाळेत बँड का असावा, असं कुणी विचारलं तर मी त्याला त्या सकाळी तिथं यायला सांगेन.

उरलेल्या सत्तावीसबद्दल मात्र आपले स्वतंत्र आभार मानायला हवेत, कारण ते सगळे आपल्या फोनवर ठरले. पाहुण्यांची स्वागतं, दोन दुकानांची उद्घाटनं, विश्वस्तांच्या घरची एक वरात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिक्षणाबाहेरची फक्त तीन कामं देता येतात असं म्हटलं आहे: दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. मी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली. वरात त्यात सापडली नाही.

एप्रिलमधलं ते स्वागत आपल्याला आठवत असेल. पाहुणे दीड तास उशिरा आले. सोलापूरचा एप्रिल आणि दुपारचे बारा. मुलं गळ्यात ड्रम अडकवून, टोपीसह उभी. एक मुलगी उभ्या उभ्या कोसळली. आपण स्वतः धावत आलात, पाण्याची बाटली तिच्या तोंडाला लावलीत. ते मी विसरलेले नाही. मात्र पाहुण्यांची गाडी फाटकात दिसताच आपण मला म्हणालात, "बाई, पटकन रांग लावा." तेही विसरलेले नाही.

आता मी विज्ञान शिकवते म्हणून एक हिशेब मांडते. कामाच्या जागी कानाला किती आवाज सोसतो, याचे आकडे अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेनं दिले आहेत. ८५ डेसिबलला आठ तास आणि त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलपर्यंत पोचेतो पंधरा मिनिटं उरतात. आपण आम्हाला सरावासाठी दिलेलं पत्र्याचं शेड तीन बाजूंनी बंद आहे आणि साइड ड्रम तिथं एकदम वाजू लागले की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. मुलं तासाभरानं सुटतात, पुढच्या वर्षी दहावीला जाऊन मोकळी होतात. मी अकरा वर्षं तिथंच उभी आहे. रात्री दिवे मालवले की माझ्या उजव्या कानात बारीक शिट्टी चालू होते. इयरप्लग आणि सरावाच्या रबरी पॅडसाठी मी तिसऱ्या पत्रात पैसे मागितले होते. उत्तराची वाट पाहून शेवटी जुन्या टायरचे तुकडे कापले आणि बाकांवर चिकटवले. निम्मा सराव आता त्यावर होतो. हात तसाच बसतो आणि कान वाचतात.

मध्यंतरी रात्री अकराला आपण मला राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धेची बातमी पाठवलीत. खाली लिहिलं होतं, "आपण का नाही?" प्रश्न योग्य होता. केंद्राचं शिक्षण मंत्रालय आणि संरक्षण मंत्रालय मिळून ही स्पर्धा घेतात. आधी राज्य, मग विभाग, मग प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास दिल्लीत अंतिम फेरी. ब्रास आणि पाइप वेगळे, मुलांचे आणि मुलींचे बँड वेगळे. माझ्या मुलींचा ब्रास बँड तिथं उभा राहावा असं आपल्याला वाटतं, त्याच्या दसपट मला वाटतं. त्यासाठी ट्रम्पेट लागतील, ती शिकवणारा माणूस लागेल आणि सहा महिने कुणाच्याही दुकानापुढे न वाजवण्याची मुभा लागेल. हे मी त्याच रात्री कळवलं. वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या.

जिल्हा स्पर्धेची ढाल आपल्या दालनात आहे. ढालीसोबतच्या छायाचित्रात आपण आहात, अध्यक्ष आहेत, तीन विश्वस्त आहेत. मुलं मागच्या रांगेत आहेत. बेस ड्रमवाला मुलगा बुटका, तो दिसतच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपण शाळेत त्यांच्यावर फार सुंदर भाषण केलंत. त्या बुटक्या मुलानं ते ऐकलं आहे.

आता जे लिहिते ते लिहिताना मला लाज वाटते. गेल्या जानेवारीत सरावाला एक मुलगा सलग चार वेळा चुकला. एरवी मी त्याच्याजवळ गेले असते, हात धरून दाखवलं असतं. त्या दिवशी मी भिंतीला टेकून उभी राहिले. मला काहीच वाटलं नाही. राग आला नाही, माया आली नाही. मुलगा माझ्याकडे बघत होता आणि मी घड्याळाकडे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली बर्नआउटची जी व्याख्या केली, तिच्यात थकव्याच्या पाठोपाठ हेच लक्षण आहे: ज्या कामावर जीव होता त्यापासून मन लांब जाणं. कारण दिलं आहे ते कामाच्या जागचा, दीर्घकाळ तुंबलेला, नीट न हाताळलेला ताण. त्यात माणसाच्या कमकुवतपणाचा उल्लेख कुठंही नाही.

आणि आपण प्रत्येक स्नेहसंमेलनात माईकवरून सांगता, "बाई आहेत म्हणून बँड आहे." टाळ्या पडतात. महोदय, मी हात जोडून विनवते, हे वाक्य आता बोलू नका. ते खरं असेल, तर मी आजारी पडले की बँड बंद पडतो. गेल्या वर्षी मला टायफॉईड झाला तेव्हा तो सतरा दिवस बंदच होता. खोलीला कुलूप आणि किल्ली माझ्या उशाशी.

आपण संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत दरवर्षी पांढरी बाराबंदी घालून चालता. उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात, ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते, अक्षता पडतात. एवढी उंच, जड काठी तोल सावरत न्यायची. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच माणसानं नेलेली आपण कधी पाहिलीत? एक दमायच्या आत दुसरा पुढे होतो. नवी पोरं आधी कितीतरी दिवस सराव करतात, जुनी जाणती माणसं शेजारी उभी राहून त्यांना तयार करतात. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा आजही भरते ती अशा खांदेपालटावर. आपल्या गणेशमंडळांचं लेझीमही तसंच. गल्लीतला थोरला धाकट्याला शिकवतो, पुढच्या वर्षी तो धाकटा आणखी कुणाला. तिथं एकच माणूस अकरा वर्षं खपत नाही.

शाळेतही हे जमतं, आणि जमलेलं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांच्या शाळेत अँड्र्यू बेल नावाच्या माणसाला पुरेसे शिक्षक मिळेनात. त्यानं थोरल्या मुलांना धाकट्यांना शिकवायला बसवलं. तिथल्या गावशाळेत त्यानं मुलं वाळूत अक्षरं गिरवताना पाहिली होती, ती रीतही उचलली. १७९७ साली त्यानं लंडनमध्ये त्यावर पुस्तक काढलं आणि जगभर ती मद्रास पद्धत म्हणून गेली. माझ्या बँडमध्ये आठवीची मुलं नवी येतात, नववीची पक्की झालेली असतात. नववीची मुलगी आठवीच्या मुलीला साइड ड्रम माझ्यापेक्षा लवकर शिकवते, कारण आपण कुठं अडखळलो होतो ते तिला अजून आठवतं.

आणखी एक गोष्ट आपल्या नजरेतून सुटली असेल. लग्नात वाजवणाऱ्या बँडपार्ट्यांतले कलाकार आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत बरेचसे रिकामे असतात. चातुर्मासात मुहूर्त नसतात. गणपतीचे दिवस तेवढे त्यांच्या कामाचे. आपली शाळा जूनच्या मध्याला उघडते. ज्या महिन्यांत आम्हाला ट्रम्पेट शिकवणारा हात हवा, नेमक्या त्याच महिन्यांत त्या हातांना काम नसतं. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कलाशिक्षणासाठी अर्धवेळ निदेशक असावा, हेही त्याच कायद्याच्या परिशिष्टात आहे. त्या वादकाला मानधन द्या, त्याला "सर" म्हणू द्या. वरातीत रस्त्यानं वाजवणाऱ्या माणसाला आमच्या मुलांनी वर्गात उठून नमस्कार केला, तर मला फार आनंद होईल.

माझं मागणं चौथ्या पत्रात होतं तेच आहे. वर्षाला आठ कार्यक्रम, तेही जूनमध्ये ठरलेले आणि फलकावर लावलेले. आठवड्याला दोन सराव वेळापत्रकात, शाळेच्या वेळेत. माझ्या जोडीला आणखी एक शिक्षक, वादकाला मानधन, आणि काठ्या-पडदे-पट्ट्यांसाठी थोडी ठरलेली रक्कम, म्हणजे ड्रमचा पडदा फाटला की मला पर्समध्ये हात घालावा लागणार नाही. एप्रिल-मेमध्ये उन्हात एकही मूल उभं राहणार नाही, ही अट मात्र मी आजपासून माझ्या अधिकारात लागू केली आहे. त्यासाठी मी आपली परवानगी मागत नाही.

मी बँड सोडते आहे, अशी कुजबूज चालली असेल तर ती खोटी आहे. खोलीच्या किल्लीच्या मात्र मी तीन प्रती करून घेतल्या. एक नववीतल्या त्या मुलीकडे दिली, जी एप्रिलमध्ये कोसळली होती; ती आता साइड ड्रमची प्रमुख आहे. दुसरी शिपाईमामांकडे आहे. तिसरी या पत्रासोबत आपल्याला पाठवते आहे.

सराव मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी पावणेसातला. कुलूप जरा उजवीकडे ओढून फिरवावं लागतं. बेस ड्रमचा पट्टा दाराजवळच्या खुंटीवर आहे. तो उंच माणसाला थोडा आखूड पडतो, पण बुटका मुलगा तो सैल करून देईल.

आपली नम्र,
बँडच्या बाई