तोफा पंधरा, तिजोरी रिकामी

एस्वातिनी. तीन बाजूंना दक्षिण आफ्रिका, चौथीकडे मोझांबिक. राजे म्स्वाती तिसरे १९८६ पासून गादीवर. राजकीय पक्षांवर १९७३ मध्येच बंदी आली. निवडणूक मात्र अगदी वेळेवर होते!

२०१८ मध्ये महाराजांनी देशाचं स्वाझीलँड हे नाव बदललं. त्याच वर्षी एअरबस ए-३४० विमान आलं. देश असा, की विमान धड वर चढेपर्यंत हद्द संपावी.

नोटेवर छबी राजाची. पण ते चलन दक्षिण आफ्रिकेच्या रँडला जखडलेलं, म्हणजे दोऱ्या प्रिटोरियात. तिजोरीत मोठा भरणा १९१० पासूनच्या सामायिक जकातीतल्या वाट्याचा. शेजारी शिंकला की यांचा अर्थसंकल्प अंथरूण धरतो.

हसलात? मग आता देवासला चला.

बाजीरावांच्या काळात माळव्यात आलेले तुकोजी आणि जिवाजी पवार, सख्खे भाऊ. एकाची थोरली पाती, दुसऱ्याची धाकटी. गाव एक, राजे दोन, राजवाडे दोन, फौजा दोन. रस्ता ओलांडला की परमुलूख.

भाऊबंदकी कुठे नसते? पण तिला तोफांची सलामी फक्त इथेच. दोघांनाही पंधरा-पंधरा, भावाभावांत दुजाभाव नको! इंग्रज हिशेबाला पक्का. मान द्यायला दारूगोळ्याखेरीज काय लागतं? कारभारावर नजर ठेवायला पोलिटिकल एजंट होताच.

शेजारच्या धारच्या पवारांनी तर इंग्रजांचा हातही पाहिला. १८५७ च्या धामधुमीनंतर संस्थान जप्त झालं, १८६० मध्ये परत मिळालं. बैरसिया परगणा तेवढा मधल्या मध्ये भोपाळच्या बेगमांकडे गेला.

परत देतानाही कात्री.

थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे म्हणजे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे जावई. माणूस दिलदार, रसिक, देवभोळा. १९२१ मध्ये त्यांनी खासगी चिटणीस म्हणून कोणाला आणलं? ई. एम. फॉर्स्टर यांना. कादंबरीकार! एखादा खडूस हिशेबनीस आणला असता तर?

फॉर्स्टरनीच लिहून ठेवलंय: नवा राजवाडा वर्षानुवर्षं बांधून होतच नव्हता, आणि जो भाग आधी बांधला तो ढासळू लागला होता. संस्थानाचा ताळेबंद वेगळा मांडायची गरजच काय?

कर्ज वाढलं, इंग्रजांनी जाब विचारायला सुरुवात केली. महाराजांनी तीर्थयात्रेचं निमित्त काढलं आणि पाँडिचेरी गाठली. तिथे राज्य फ्रेंचांचं, इंग्रजांचा हुकूम चालणार कसा? १९३७ मध्ये ते तिथेच वारले. उभ्या आयुष्यातला हा एकच राजनैतिक डाव बिनचूक पडला.

१९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. जे काम भावांना दोन शतकांत जमलं नाही, ते दिल्लीने सह्या घेऊन उरकलं.

आणि दिल्लीची थट्टा बघा. देशाच्या नोटा छापायला सत्तरच्या दशकात कारखाना काढला, तो नेमका देवासला. बँक नोट प्रेस. दोन राजांना जे पुरलं नाही, ते तिथे आता गठ्ठ्यांनी निघतं. बाहेर न्यायची सोय नाही, एवढंच.

राजघराणं कुठे गेलं? कुठेच नाही. त्याच घराण्यातले नंतरचे तुकोजीराव पवार भाजपचे आमदार झाले, मंत्री झाले. त्यांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत पत्नी गायत्रीराजे निवडून आल्या. गादी गेली, खुर्ची घरातच राहिली. पण त्या खुर्चीसाठी पक्षाचं तिकीट लागतं, वर पाच वर्षांनी गल्लोगल्ली हात जोडावे लागतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

म्स्वाती महाराजांना कुणी हे सांगू नका.